बर्फाचा काटा

दीपराज तारी गेला, ही बातमी
देवगड बंदरात सगळ्यांना माझ्याआधी कळली.
फॅक्टरीचं शटर वर केलं
तर बाबल कोयंडे क्रेटवर बसून ओरडतच होता,
"तेका इकल्यानी! आमच्या डाव्या कोपऱ्याक!"

विकलं नाही, अदलाबदल, मोंडकर मास्तरांनी दुरुस्त केलं.
हरयाणाचा एक चढाईपटू इकडे, दीप तिकडे,
वर काही लाख. किती ते पेपरात नाही.
"वरसून पैसे घेतल्यानी मा?"
इंदू टिकमने टोपलीखालची चुंबळ झटकली.
"मगे इकल्यानीच."
बाजारातलं तिला कोण शिकवणार.

मग सुरू झालं.
गेल्या मोसमात सात सामने शेवटच्या पाच मिनिटांत घालवले.
कोपरा झोपतो, मास्तर म्हणाले.
"कोपरो नाय झोपत, दम झोपता," सत्यवान खवळे म्हणाला,
"उकडलेली कोंबडी खायत पावलां मोजणाऱ्या पोरांका
दम खयसून येतलो?
आमी पेज पिऊन खेळलंव, अनवाणी, वाळूत,
एका सांजेक दोन लोण दिले."
"समोर कोण होता ता पण सांग."
"...पोस्टाची टीम."
हसण्यात एक लादी माझ्या हातून निसटली
आणि दारापर्यंत एकटीच गेली.

पेपर हातोहात ओला झाला होता.
मथळा: बेशिस्तीमुळे तारी बाहेर.
फोटो दुसऱ्याच कोणाचा.
टीव्हीवाला त्याला अख्खा मोसम तिवारी म्हणत होता,
आणि कणकवलीच्या वार्ताहराने आईला फोन लावला तेव्हा
ती एवढंच म्हणाली, तो जेवला काय ते विचारा आधी.
ते छापून आलं असं:
कुटुंबीयांचा बोलण्यास नकार.
"पेपरवाल्यांका काय, रकानो भरूचो आसता,"
इंदू म्हणाली, आणि त्याच पानात दोन बांगडे बांधले.

मी लाद्या मोजत होतो.

मे महिन्यात, रात्री साडेअकराला,
मागच्या दाराने तो आला होता.
चपला काढून बर्फाच्या काट्यावर उभा राहिला,
देवळात उभं राहावं तसा सरळ.
शहाऐंशी किलो दोनशे.
पंच्याऐंशीच्या वर उभंच करत नाहीत.
धावायला सांगतात, तो म्हणाला,
आणि लेंग्याची बाही वर केली.
उजवा गुडघा नारळासारखा.
डॉक्टरांनी दोन सुया दिल्यात, दोन सामने निघतील.
मी फोडलेला बर्फ पंचात बांधून दिला.
तो पोत्यांवर बसून राहिला
पंचा रिकामा होईपर्यंत.
खाली पाणी साचलं, त्यात ट्यूबलाइट हलत होती.
"काका, कोणाक सांगा नकात."

म्हणून सरावाला गेला नाही. ती बेशिस्त.

"तुझा काय मत, सदा?"
बाबलने विचारलं, तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते,
मास्तरसुद्धा, चष्मा कपाळावर ढकलून.
मी लहानपणी खेळलो आहे थोडा.
सूर तुटला की बाद, एवढं शिकलो.
"कोयंड्यांच्या पाच लाद्या," मी म्हणालो, "की सहा?"

भिंतीवर पेन्सिलीने हिशोब असतो,
कोणाच्या होडीला किती.
त्यात मेमधला एक आकडा आहे, नाव न घातलेला.
पावसाळ्यात भिंत रंगवली तेव्हा
तेवढ्यावरून मी कुंचला फिरवला नाही.

दीड महिन्याने त्याचा पहिला सामना,
बाबलच्या फोनवर, नऊ डोकी एका काचेवर.
निळी जर्सी, तीही त्याला थोडी मोठी.
"अरे, उजव्या कोपऱ्यात कित्याक उभो केल्यानी तेका?"
मास्तर काही डावपेच समजावू लागले.
सत्यवान म्हणाला, नवीन कोच येडो आसा.

त्याने गुडघ्यावर हात ठेवला, दोनदा.
मी उठलो
आणि बर्फ फोडायचं मशीन सुरू केलं.